अडीचशे डॉलरचा कन्सोल, एक डॉलरचा खेळ : निन्टेंडो ३डीएसचं प्रकरण

२८ जुलै २०११ रोजी निन्टेंडोने एप्रिल ते जून या तिमाहीचे आकडे जाहीर केले. कंपनीचा नवाकोरा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा, कन्सोल ३डीएस त्या तीन महिन्यांत जगभरात मिळून ७ लाख १० हजार विकला गेला होता. ज्याची जागा त्याने घ्यायची होती तो साडेसहा वर्षं जुना डीएस त्याच तीन महिन्यांत १४ लाख ४० हजार खपला. बाजारात येऊन जेमतेम पाच महिने झालेल्या यंत्राची किंमत कंपनीने त्याच दिवशी कापली. अमेरिकेत २४९.९९ डॉलरवरून १६९.९९, जपानमध्ये २५,००० येनवरून थेट १५,०००. वर्षाच्या नफ्याचा अंदाज ११,००० कोटी येनवरून २,००० कोटींवर आणला. दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त आपटला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांच्यासह वरिष्ठ संचालकांनी ३० टक्के कपात घेतली.

बातम्यांचं निदान एका ओळीचं होतं : स्मार्टफोनने हातातला कन्सोल संपवला. पुरावाही भक्कम दिसत होता. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं, डिसेंबर २००९ मध्ये ‘अँग्री बर्ड्‌स’ ९९ सेंटला आला. खिशातल्या फोनवर डॉलरभरात खेळ मिळत असताना अडीचशे डॉलरचं वेगळं यंत्र आणि वर चाळीस डॉलरची कॅसेट कोण घेणार, असं कुणीही विचारलं असतं.

पुढे काय झालं ते आता माहीत आहे. ३डीएस अखेर ७ कोटी ५९ लाख विकला गेला आणि त्याच्यानंतरचा स्विच १५ कोटींच्या पलीकडे गेला. म्हणून त्या वेळच्या लोकांना हसायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. निदान अर्धं बरोबर होतं. फोनने हँडहेल्डचं एक गिऱ्हाईक कायमचं नेलं, ते परत आलेलं नाही. त्या गिऱ्हाइकाशिवाय दुकान कसं चालवायचं हे शिकायला निन्टेंडोला सहा वर्षं लागली, आणि हे प्रकरण त्या सहा वर्षांचं आहे.

गेलेलं गिऱ्हाईक

डीएस नोव्हेंबर २००४ मध्ये आला. दोन पडदे, खालचा पडदा स्पर्शाचा, सोबत एक प्लास्टिकची काडी. आयफोन यायला अजून अडीच वर्षं होती. त्या काळात पडद्याला हात लावून काही हलवायचं ही मजा बहुतेकांना डीएसनेच पहिल्यांदा दाखवली. आणि ती मजा ज्यांनी घेतली त्यांत आजवर कधी व्हिडिओ गेम न खेळलेले लोक मोठ्या संख्येने होते. मेंदूचा व्यायाम म्हणून बेरजा-वजाबाक्या करायला लावणारा ‘ब्रेन एज’ आणि पडद्यावरच्या कुत्र्याच्या पिल्लाला कुरवाळायचा ‘निन्टेंडॉग्ज’ या दोन खेळांनी आजी-आजोबा, गृहिणी, ट्रेनने रोज ये-जा करणारे कारकून अशांच्या हातात कन्सोल दिला. डीएसची एकूण विक्री १५ कोटी ४० लाखांवर गेली ती या लोकांच्या जिवावर.

पण हे लोक निन्टेंडोचे नव्हते. त्यांना बसस्टॉपवरची दहा मिनिटं घालवायची होती, आणि २००४ मध्ये त्यासाठी दुसरं काही चांगलं मिळत नव्हतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि रस्त्यावर जो ब्रिक गेम मिळायचा, ठोकळे रचायचा, ‘९९९९ इन १’ लिहिलेला, त्याचंही गिऱ्हाईक हेच. ब्रिक गेम हाती घेणाऱ्या कुणालाही तो कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. टाइमपास हवा असतो तेव्हा माणूस हाताशी येईल ते उचलतो. २०१० च्या सुमारास हाताशी फोन आला.

निन्टेंडोने नवीन माणसं गेमिंगमध्ये आणली म्हणून तिची वाहवा झाली होती. तीच माणसं सगळ्यात आधी गेली. त्यांना परत आणायचा प्रयत्न ३डीएसच्या पहिल्या दिवसापासून दिसतो : यंत्रासोबत जे मोजके खेळ निन्टेंडोने स्वतः दिले त्यांत ‘निन्टेंडॉग्ज’ची नवी आवृत्ती होती, मारिओ नव्हता.

यंत्राची स्वतःची दुखणी

फोनवर सगळं खापर फोडण्याआधी यंत्राकडे बघायला हवं. ३डीएसची सगळी जाहिरात चष्म्याविना दिसणाऱ्या त्रिमितीवर होती. वरच्या साडेतीन इंची पडद्यावर प्रकाश अडवणाऱ्या बारीक उभ्या पट्ट्यांचा थर होता, त्यामुळे डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळं चित्र मिळायचं. नाकासमोर, ठरावीक अंतरावर, मान न हलवता धरलं तर खोली खरोखर दिसायची. जरा हात वाकडा झाला की चित्र फाटायचं. आणि हँडहेल्ड हातात असताना हात हलत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मारिओने उडी मारली की खेळणारा दोन इंच वर जातोच. पडद्याच्या बाजूला त्रिमिती कमी-जास्त करायची एक पट्टी होती. ती खाली ओढून साधं चित्र बघत खेळणारे लवकरच खूप झाले. सहा वर्षांखालच्या मुलांना त्रिमिती दाखवू नका असा इशारा खुद्द कंपनीने दिला होता, म्हणजे ज्या मुलांसाठी आईबाप हे यंत्र घेणार, त्यातल्या धाकट्यांना त्याची मुख्य करामत वर्ज्य. बॅटरी तीन ते पाच तास चालायची.

त्यात ऑनलाइन दुकान वेळेवर तयार नव्हतं. कन्सोल २६ फेब्रुवारीला जपानमध्ये आणि मार्चअखेर अमेरिका-युरोपात आला, ई-शॉप उघडलं जूनमध्ये. ॲप स्टोअर तीन वर्षं जुनं झालेलं असताना अडीचशे डॉलरच्या यंत्रावर पहिले तीन महिने खेळ डाउनलोड करायची सोयच नाही, हे आज वाचताना विचित्र वाटतं. शिवाय ११ मार्चला पूर्व जपानात भूकंप आणि त्सुनामी आली. घरच्या बाजारात त्यानंतरचे काही आठवडे खेळण्यांच्या खरेदीचे नव्हते.

या सगळ्यात फोनचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पण एवढं नक्की म्हणता येतं की २०११ चा ३डीएस आयफोन नसता तरी अडखळला असता. फोन नसता तर मात्र त्याला सावरायला निवांत वेळ मिळाला असता.

समोरचे तीन रस्ते

२ मार्च २०११ चा दिवस या प्रकरणात महत्त्वाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये गेम बनवणाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत इवाता बोलत होते. रस्त्यापलीकडच्या सभागृहात त्याच सकाळी स्टीव्ह जॉब्स आयपॅड २ दाखवत होते. इवातांचा मुद्दा असा होता की फोनच्या दुकानांना खेळ भारी असण्याशी काही मतलब नाही, त्यांना हजारो खेळ हवेत, कारण त्यांचा पैसा यंत्रात आहे. आणि अशा गर्दीत खेळ बनवणारा बुडतो. त्या वेळी बऱ्याच जणांना हे हरणाऱ्याचं रडगाणं वाटलं.

जुलैनंतर गुंतवणूकदारांनी जो रस्ता सुचवला तो सरळ होता : मारिओ आयफोनवर आणा. हिशेब मांडून पाहू. निन्टेंडोच्या स्वतःच्या यंत्रावर चाळीस डॉलरचा खेळ विकला की फाटकात टोल घेणारं कुणी नाही. उलट, दुसऱ्या कंपनीने त्या यंत्रावर खेळ विकला तर टोल निन्टेंडोला मिळतो. आयफोनवर एक डॉलरला खेळ विकला तर त्यातले ३० टक्के ॲपलचे. एका कॅसेटीइतकी उलाढाल करायला चाळीस माणसं लागतात, आणि टोल जाता सत्तावन्न. हे कदाचित जमलंही असतं, फोन कोट्यवधी होते. पण ज्या पोराने मारिओ एका डॉलरला घेतला, ते पुढच्या मारिओसाठी चाळीस डॉलर देणार नाही. एकदा किंमत पडली की ती सगळ्या मालाची पडते. इवातांनी त्या सप्टेंबरमध्ये जपानी वृत्तपत्राला सांगितलं की फोनवर जाण्याचा विचारही नाही, तसं केलं तर निन्टेंडो निन्टेंडो उरणार नाही. मला यात अभिमानापेक्षा हिशेब जास्त दिसतो.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःच फोन बनवायचा. तो आधी कुणी चालून पाहिला होता. नोकियाचा एन-गेज ऑक्टोबर २००३ मध्ये आला : खेळ बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढायची, आणि फोनवर बोलायचं तर यंत्र कानाला कडेवर उभं धरायचं. लोकांनी त्याची इतकी टिंगल केली की नोकियाला पुढच्याच वर्षी नवीन रचना आणावी लागली. २०११ मध्येच सोनी एरिक्सनने एक्सपीरिया प्ले काढला, खालून गेमची बटणं सरकत बाहेर येणारा अँड्रॉइड फोन. तोही चालला नाही. दर दोन वर्षांनी जुनं होणारं यंत्र आणि सहा-सात वर्षं टिकायला हवा असा खेळांचा संच, यांची गाठ बसत नाही.

उरला तिसरा रस्ता : आपलंच यंत्र, आपलेच खेळ, आणि तोवर तोटा सोसायचा. निन्टेंडोकडे डीएस आणि टीव्हीचा कन्सोल वी यांच्या काळात साठलेली मोठी रोकड होती आणि कर्ज नव्हतं. ही गोष्ट या प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकली जाते. ती एका ओळीत उरकण्यासारखी नाही. रोकड नसलेल्या कंपनीला तिसरा रस्ता उपलब्धच नसतो. तिच्या हट्टाला मग कुणी दूरदृष्टी म्हणत नाही.

कपात आणि त्यानंतरचे पाच महिने

किंमत कापल्यावर ३डीएस बनवायच्या खर्चापेक्षा कमी दरात विकला जाऊ लागला. कंपनीसाठी हे नवीन होतं. यंत्रावर तोटा खाऊन खेळांवर कमवायचं ही पद्धत सोनी आणि मायक्रोसॉफ्टची. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांना गप्प करायला ‘ॲम्बॅसडर’ योजना आली : कपातीआधी ई-शॉपला जोडलेल्या प्रत्येकाला २० जुने खेळ फुकट, १० जुन्या टीव्ही कन्सोलचे आणि १० गेमबॉय ॲडव्हान्सचे.

किंमतकपातीला सगळं श्रेय देणारे विसरतात की कपातीने विक्री वाढली, पण तेवढ्याने भागलं नाही. गाडी खरी हलली ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये ‘सुपर मारिओ ३डी लँड’, डिसेंबरच्या सुरुवातीला ‘मारिओ कार्ट ७’ आणि जपानमध्ये १० डिसेंबरला कॅपकॉमचा ‘मॉन्स्टर हंटर’. मारिओचे दोन्ही खेळ पुढे प्रत्येकी एक कोटीच्या वर गेले. जपानमध्ये वर्ष भरायच्या आत ५० लाख ३डीएस विकले गेले. डीएसलाही हा वेग जमला नव्हता.

‘मॉन्स्टर हंटर’बद्दल थोडं सविस्तर. जपानमध्ये हा खेळ सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डवर मोठा झाला होता. चार मित्र समोरासमोर बसून, आपापलं यंत्र हातात धरून, एकाच अजस्र प्राण्याच्या मागे लागतात; एक शिकार वीस-पंचवीस मिनिटं चालू शकते. अंगठ्याखाली खरी बटणं नसतील तर हा खेळ खेळताच येत नाही, कारण नजर प्राण्यावरून काढून बोटाकडे न्यायला सवडच नसते. काचेच्या पडद्यावर बोट ठेवलं की बोटाखालचं चित्र झाकलं जातं, आणि बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही. कॅपकॉमची पंचाईत अशी की ३डीएसवर उजव्या अंगठ्याला दांडीच नव्हती, कॅमेरा फिरवायचा कशाने? मग निन्टेंडोने एक प्लास्टिकचा पाळणा काढला. त्यात ३डीएस बसवायचा, उजवीकडे जास्तीची दांडी येते. जोडणी इन्फ्रारेडने, आणि पाळण्यात रिमोटमध्ये घालतो तसला एक ट्रिपल-ए सेल टाकायचा. दिसायला अत्यंत बेढब. तरी जपानी पोरांनी तो घेतला आणि खेळली. दहा मिनिटांच्या टाइमपाससाठी कुणीही असलं ओझं खिशात घालणार नाही. हे वेगळं गिऱ्हाईक होतं, आणि ते फोनकडे गेलेलं नव्हतं.

हिशेबाच्या वहीत मात्र लगेच काही सुधारलं नाही. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात ३डीएसचं लक्ष्य १ कोटी ६० लाखांचं होतं, विकले गेले १ कोटी ३५ लाख. कंपनीला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला.

व्हिटा

तुलनेसाठी सोनीकडे बघायलाच हवं, कारण तिने त्याच महिन्यात, त्याच बाजारात, जवळपास ३डीएसच्या कपातीआधीच्या किमतीत उलट डाव टाकला. १७ डिसेंबर २०११ ला जपानमध्ये आलेला पीएस व्हिटा हे अप्रतिम यंत्र होतं. पाच इंची ओलेड पडदा, दोन दांड्या, समोर स्पर्श, मागेही स्पर्श, हवं तर थ्रीजी. तांत्रिक बाबतीत ३डीएस त्याच्या आसपासही नव्हता. पण त्यात खेळ साठवायला सोनीचंच खास मेमरी कार्ड लागायचं, आणि अमेरिकेत ३२ जीबीच्या कार्डाला १०० डॉलर. ज्या प्रकारचे मोठे सिनेमासारखे खेळ त्याच्यावर यायचे ते टीव्हीसमोर प्लेस्टेशनवर जास्त चांगले दिसायचे; बाकी सगळं फोनवर होतं. ‘मॉन्स्टर हंटर’ निघून गेला होता. सोनीने विक्रीचे वेगळे आकडे देणं बंद केलं, स्वतःचे मोठे खेळ आखडते घेतले, आणि मार्च २०१९ मध्ये उत्पादन थांबवलं. फोनने हँडहेल्ड मारला असं म्हणायचंच असेल तर नाव व्हिटाचं घ्यावं.

शेवटी फोनवर गेले, तेव्हा

मे २०१३ मध्ये गंगहो नावाच्या कंपनीचं बाजारमूल्य काही काळ निन्टेंडोच्या वर गेलं. तिच्याकडे मुख्यतः एकच फोनवरचा खेळ होता, ‘पझल अँड ड्रॅगन्स’ : खेळायला फुकट, आणि दुर्मीळ राक्षस हवा असेल तर पैसे टाकून सोडत काढायची. जपानमध्ये या सोडतीला गाचा म्हणतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये या खेळाची एक आवृत्ती ३डीएसवर आली, सोडत नसलेली, एकदाच पैसे देऊन घ्यायची. सगळे फोनकडे पळत असताना फोनचा सर्वांत श्रीमंत खेळ उलट्या दिशेने आला, कारण फोन आणि क्रेडिट कार्ड नसलेली शाळकरी मुलं इकडे होती.

टीव्हीचा कन्सोल वी यू सपशेल पडल्यावर (एकूण विक्री १ कोटी ३५ लाख) निन्टेंडोला फोनपासून लांब राहणं परवडेना. १७ मार्च २०१५ ला डीएनए या मोबाइल गेम कंपनीशी करार झाला, दोघींनी एकमेकींचे २,२०० कोटी येनचे शेअर घेतले. त्याच पत्रकार परिषदेत इवातांनी आणखी एक वाक्य टाकलं : नवीन कन्सोल बनतो आहे, सांकेतिक नाव एनएक्स. आपण फोनकडे चाललो म्हणजे आपलं यंत्र सोडलं असं कुणी समजू नये म्हणून. चारच महिन्यांनी, ११ जुलै २०१५ ला, ५५ व्या वर्षी इवाता गेले.

‘सुपर मारिओ रन’ डिसेंबर २०१६ मध्ये आयफोनवर आला. सुरुवातीचा भाग फुकट, पूर्ण खेळ ९.९९ डॉलर, सोडत नाही. जानेवारी अखेरपर्यंत ७ कोटी ८० लाख डाउनलोड झाले आणि पैसे देणारे निघाले पाच टक्क्यांच्या जरा वर. पुढे डाउनलोड २० कोटींवर गेले तरी नफा अपेक्षेइतका झाला नाही असं कंपनीनेच सांगितलं. या उलट निन्टेंडोचाच ‘फायर एम्ब्लेम हीरोज’, ज्याचं नाव मारिओ माहीत असलेल्यांतल्या पाव लोकांनाही माहीत नसेल, गाचा लावून कितीतरी जास्त कमवत राहिला. म्हणजे २०११ चा हिशेब शेवटी प्रत्यक्षात तपासला गेला, आणि इवातांच्या बाजूने लागला. मार्च २०२१ च्या वर्षात मोबाइल आणि नाव-चित्रांचे हक्क या सगळ्यांतून मिळून निन्टेंडोला ५,७०० कोटी येन आले. एकूण उलाढाल होती सुमारे १ लाख ७६ हजार कोटी येन. तीन टक्के. ‘डॉक्टर मारिओ वर्ल्ड’ आणि ‘ड्रॅगॅलिया लॉस्ट’ हे फोनवरचे खेळ नंतर बंदही केले. आता फोन निन्टेंडोसाठी जाहिरातीचा फलक आहे.

दोन यंत्रांचं एक

माझ्या मते सगळ्यात परिणामकारक निर्णय किंमतकपातीचा नव्हता. तो २०१३ च्या सुरुवातीला झाला आणि त्याची मोठी बातमीही झाली नाही : हातातला कन्सोल बनवणारा विभाग आणि टीव्हीचा कन्सोल बनवणारा विभाग कंपनीने एकत्र केले. तोवर निन्टेंडोची माणसं दोन वेगळ्या यंत्रांसाठी दोन वेगळे मारिओ, दोन वेगळे झेल्डा बनवत होती. २०११ मध्ये ३डीएस उपाशी राहिला याचं एक कारण हेच, माणसं तेवढीच आणि तोंडं दोन.

मार्च २०१७ मध्ये आलेला स्विच त्या विलीनीकरणातून निघाला. सव्वासहा इंची पडदा, दोन्ही बाजूंना सुटणारे कंट्रोलर, डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खाचेत, ठेवला की खेळ टीव्हीवर. आतली चिप एनव्हिडियाची टेग्रा एक्स१, एआरएम रचनेची, म्हणजे फोन आणि टॅब्लेटच्याच घराण्यातली. गूगलच्या पिक्सेल सी या टॅब्लेटमध्येही हीच होती. ज्या उद्योगाने हँडहेल्डला मारायचं होतं त्यानेच त्याला स्वस्त, कमी वीज खाणारं काळीज पुरवलं. फोनसाठी लाखो-कोट्यवधी चिपा बनल्या नसत्या तर ३०० डॉलरमध्ये हे यंत्र झालं नसतं.

आता बेरीज. डीएस आणि वी मिळून सुमारे २५ कोटी ५० लाख यंत्रं. ३डीएस आणि वी यू मिळून ९ कोटींच्या आत. स्विच एकटा १५ कोटींहून अधिक. हँडहेल्ड परत आला असं म्हणणारे डीएस आणि स्विच शेजारी ठेवतात आणि बरोबरी दाखवतात. पण स्विचला दोन यंत्रांची कामं करून तो आकडा मिळाला आहे. मधले दहा कोटी कुठे गेले ते माहीत आहे, बसस्टॉपवर बघा.

आपल्याकडे

भारतात ही लढाई झालीच नाही. निन्टेंडो इथे स्विच अधिकृतपणे विकत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जो मिळतो तो बाहेरून आलेला, वॉरंटीचं दुकानदार सांगेल ते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा जवळपास फुकट झाला, २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला, आणि सातारा-नांदेडच्या मुलांसाठी गेमिंग म्हणजे दहा-पंधरा हजारांचा अँड्रॉइड फोन हे पक्कं झालं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ‘पबजी’वर बंदी घातली, २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ नावाने तो परतला, पुन्हा वर्षभराने उचलला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. या सगळ्या उलथापालथीत मुलांनी दुसरा खेळ घेतला, दुसरं यंत्र घेतलं नाही. २०२३ मध्ये आसुसने आरओजी ॲली हा विंडोजवर चालणारा हँडहेल्ड भारतात ६९,९९० रुपयांना आणला. त्या पैशात घरात कॉलेजच्या अभ्यासाचा लॅपटॉप येतो, आणि घरात कोण काय जिंकणार हे सांगायला नको.

एक पुणेरी गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, बाहुल्यांची सावली-चित्रं, पहाडी किल्ले आणि दुर्गेचं त्रिशूळ घेतलेली मुलगी असलेला खेळ, १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वांत आधी स्विचवर आला. पीसी आणि इतर कन्सोलवर तो दोन महिन्यांनी. म्हणजे पुण्यात बनलेला खेळ पहिल्या दिवशी पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे न मिळणाऱ्या यंत्रावर. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्‌समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. छोट्या स्टुडिओने असं का करावं, तर एकदा पैसे देऊन पाच-सहा तासांची गोष्ट विकत घेणारं गिऱ्हाईक जिथे सापडतं तिथे तो जाणार. फोनवर अशा खेळाला आजही जागा नाही. २०२३ मध्ये ॲपलने आयफोन १५ प्रोवर ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ आणून दाखवला. ताकद फोनकडे कधीच आली आहे. पण तो खेळायला लोक फोनला कंट्रोलर जोडतात, आणि मध्येच बँकेचा ओटीपी येतो.

पुढे

हँडहेल्डची गर्दी आता वाढतेच आहे. व्हॉल्व्हचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, आसुस आणि लेनोवो मागोमाग, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचं नाव आसुसच्या यंत्रावर लावलं. सोनीचा पोर्टल घरातल्या प्लेस्टेशनचं चित्र वायफायवरून हातात आणतो. हे सगळे ‘मॉन्स्टर हंटर’च्या पाळण्यात सेल घालणाऱ्याचे वारसदार आहेत : ज्यांना खेळायचंच आहे, आणि त्यासाठी दुसरं यंत्र बाळगायची तयारी आहे. हा वर्ग मोठा होतोय, पण वयानेही. २००६ मध्ये डीएस घेतलेला दहा वर्षांचा मुलगा आज नोकरीला आहे, म्हणून तो ४५० डॉलरचा स्विच २ घेऊ शकतो. जून २०२५ मध्ये पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकले गेले ते त्याच्यासारख्यांमुळे.

माझी शंका खालच्या टोकाबद्दल आहे. त्रिमिती काढून टाकलेला २डीएस २०१३ मध्ये १३० डॉलरला आला होता आणि पुढे ८० पर्यंत उतरला. सात-आठ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला देता येईल, पडला तरी रडू येणार नाही, असं यंत्र. आज निन्टेंडोचं सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे २०१९ चा स्विच लाइट, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत २०० वरून २३० डॉलर झाली. सहा वर्षं जुनं यंत्र महाग व्हावं हे या धंद्यात पूर्वी घडत नसे. वर्षं गेली की चिपा स्वस्त व्हायच्या, यंत्र स्वस्त व्हायचं, आणि धाकट्या भावाला मिळायचं. ती साखळी तुटली तर त्या वयाचं मूल आईचा जुना फोन घेऊन बसणार आणि बटणांची सवयच लागणार नाही. बारा वर्षांचं झाल्यावर त्याला ४५० डॉलरचं यंत्र मागावंसं का वाटावं, याचं उत्तर निन्टेंडोकडे अजून दिसत नाही. स्विच २ ची लाइट आवृत्ती येते का, आणि २०० च्या आत येते का, हे आधी पाहायचं. स्टीम डेकची पुढची चिप कोणती, हे नंतर.